मुंगीचे दहा तास

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी भाची मजेत आहे. माझ्या बाइंडिंगच्या दुकानात बसून दिवसभर कागदाच्या पट्ट्यांची रांग लावते. मुंगी हे नाव अगदी शोभतं तिला. चार वर्षांची झाली, बोलत मात्र अजून नाही. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली हे तुला कळवलंच होतं. आता वर्तनोपचार सुरू करा म्हणतात.

परवा एका केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी मुंगीची पट्टी काढून घेतली आणि ‘माझ्या डोळ्यांत बघितल्याशिवाय मिळणार नाही’ म्हणाल्या. पोर रडून लालबुंद झाली. मी तिला उचललं आणि तडक घर गाठलं. हे म्हणतात, एका अनुभवावरून पाठ फिरवू नकोस. तेही खरंच. मंगळवारी ती माझा हात सोडवून रस्त्यावर धावली. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. शिकवायला तर हवंच, पण तिचं मुंगीपण घालवून नको. तू शाळेत इतकी पोरं सांभाळतेस, सांग, काय करू?

तुझी,
छोटी

१२ मार्च

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उठून आलीस ते बरं केलंस. लहानपणी दातांच्या डॉक्टरांकडूनही अशीच पळाली होतीस, फक्त तेव्हा चूक तुझी होती.

जावईबापूंचंही ऐक. माझ्या वर्गात असे उपचार घेतलेली दोन मुलं आहेत. एक हवं ते बोट दाखवून मागायला शिकला. दुसरा गप्प बसायला इतका शिकला, की पोटात दुखलं तरी सांगत नाही. म्हणून आठवड्याला किती तास उपचार, हे नंतर विचार. आधी विचार, काय शिकवणार आणि ती नको म्हणाली तर काय करणार.

मुंगीला पापा. पत्राची वाट बघते.

ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे दोन्ही प्रश्न मी उपचार करणाऱ्या तीन जणींना विचारले. तिसरी आधी जमिनीवर बसली, मुंगीच्या रांगेशेजारी आपली रांग लावली आणि तिची एक पट्टी मागायला तळहात पुढे केला. मुंगीने बराच विचार करून सगळ्यांत आखूड पट्टी दिली! मग ती बाई मला म्हणाली, ‘नको म्हणता येणं हाच पहिला धडा.’

ह्यांना आठवड्याला वीस तास हवे होते, मला पाच. शेवटी दहावर तह झाला. मुंगीने हात फडफडवले तर अडवायचं नाही, ही अट दोघांची. रस्त्याच्या कडेला थांबणं आता दहात सातदा जमतं.

काल सकाळी तिचे केस विंचरत होते. गुंता सुटेना, मी ओढतच राहिले. ती उठली, बोलण्याऐवजी दाखवायला भिंतीवर लावलेल्या चित्रांतून ‘पुरे’चं चित्र काढून आणलं आणि माझ्या हातात ठेवलं. आपणहून, ताई, पहिल्यांदाच.

मी फणी खाली ठेवली. अर्धे केस चोपून, अर्धे पिंजारलेले, अशीच ती दिवसभर दुकानात मिरवली. गिऱ्हाइकं बघत होती. मी कुणाला काही बोलू दिलं नाही.

माया आहेच, पत्रांतही दिसू दे.

तुझी,
छोटी