भाकरीचा एक फेरा

आत्या, तुमचे गुडघे कसे आहेत? तिकडे चढउतार असेल तर कुणाच्या तरी हाताला धरून चाला, उगीच हिंमत दाखवू नका. मामांचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, आता तरी बिडी सोडा. आणि ते तांबडं कुत्रं, मेंढरं विकून टाकल्यावरही रोज सकाळी त्यांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसायचं, ते भेटलं का तुम्हाला? इकडे तुमच्या लेकाची साखर जरा वाढली आहे. पण बिनसाखरेचा चहा पुढे केला की अजून रुसून बसतात, तेव्हा बाकी तब्येत उत्तम म्हणायची. मला चष्मा लागला. चौथीपर्यंतची माझी शाळा, पुढचं सगळं वाचनालयातली पुस्तकं आणून आणून वाचलेलं; डोळे थकणारच. तुमची नात खुशाल आहे. तिचंच सांगायचंय, आणि तुम्हाला एक विचारायचंय, म्हणून हे लिहायला बसले.

इंदापूरकडच्या आपल्या वस्तीवर राहत होतो तेव्हाची गोष्ट. नव्वदनंतरची वर्षं. विहिरीवरची मोटार जळली होती आणि इंदापुरात भरायला टाकली होती. दुपारची वेळ. मी भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून शेंगा फोडताय, आणि शेजारच्या काकू उंबऱ्यात बसल्यात. काकूंनी सहज विचारलं, "दळण आणलंस का गं?" मी म्हटलं, "न्हाय, आणलं की."

"आणलंय तर न्हाय कशाला?" तुम्ही शेंगेवरची नजर न उचलता म्हणालात.

"न्हाय, तसंच म्हणलं."

"ह्ये बघा! परत न्हाय!"

काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. माझ्या कानाला आग लागली. "मग काय म्हणू?"

"व्हय म्हण. व्हय म्हणलं तर जीभ झडती व्हय?"

त्या दिवशी तुमचा राग आला होता, पण रागापेक्षा नवल जास्त. कारण मग मी माझ्याच तोंडावर पाळत ठेवली. कंडक्टरला म्हणाले, "न्हाय, इंदापूरच द्या." दुकानदाराला म्हणाले, "न्हाय, गूळच पायजे." कुणी काही बोलायच्या आधीच माझं न्हाय दारात उभं. माझी आईपण अशीच बोलायची का, ते आठवायला बसले, आठवेना. घरातल्या घड्याळाची टिकटिक घरच्यांना कुठं ऐकू येते, तसंच आपलं बोलणं. तुम्हालाच ते कसं ऐकू आलं?

दुसऱ्या दिवशी मी फणकाऱ्यानं विचारलं, "मग आता जीभ कापून टाकू का?"

"नगं बाई, कालवणाची चव कोण बघंल? न्हाय आलं तर येऊ दे. घशात ठिव आन् परातीतली भाकरी एक फेरा फिरीव. फेरा झाला की बोल."

"आन् हातात भाकरी नसली तर?"

"तुझ्या हातात भाकरी नसती कधी?"

या बोलण्यावर आपण दोघी हसलो. मग तुम्ही हसायच्या थांबलात आणि हळू आवाजात म्हणालात, "पोरीच्या मनात कायतरी हाय. दहावी झाल्यापासनं बघतीया मी. मला सांगती, तुला न्हाय सांगत. मी किती दिस पुरणार गं? उद्या सासरी तिला काय झालं, तर सांगंल कुणाला?"

आत्या, बाकीचं सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. हे नेता आलं नाही. माझी पोर माझ्यासमोर जेवत होती, माझ्याकडून वेणी घालून घेत होती, आणि मला काहीच सांगत नव्हती. मी आपलं गुणाची, शांत पोर म्हणून कौतुक करत होते.

ती बोलली ते पुढच्या आठवड्यात. तुम्हीच तिला पाठवलं असणार, कारण तुम्ही नको इतक्या साळसूदपणे शेंगा निवडत होतात. पोरगी चुलीपाशी आली आणि एका दमात म्हणाली, "आई, मला मोटारी भरायला शिकायचंय. बारामतीला शिकवत्यात."

न्हाय आलं. पोटातून आलं. पोरीच्या जातीनं मोटारी भरायच्या? तेलात हात घालायचे? मी भाकरी फिरवली. एक फेरा झाला तरी ते घशातच होतं, म्हणून आणखी एक फेरा दिला. कड पातळ झाली, चिरली. मग तोंडातून निघालं ते एवढंच, "मग?"

"मग म्हंजी?"

"म्हंजी फुडं सांग."

तिनं तुमच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "रागावलीस व्हय?"

"सांग की."

सुरुवातीला ती घाबरत, अडखळत बोलली. मी गप्प आहे म्हटल्यावर उठून कंगवा आणि दोरा घेऊन आली. जळलेली मोटार टाकायला गेली तेव्हा दुकानात तिनं सगळं बघून ठेवलं होतं. कंगव्याच्या दातांतून दोरा ओवत म्हणाली, "ह्या खाचा समज. तांब्याची तार ह्यातनं अशी जाती, अशी माघारी येती. आधी हुतं तेवढंच वेढं बसलं पायजेत, चुकलं की मोटार परत जळली." मोटार 'भरायची' म्हणजे काय, हे तोवर मला ठाऊकच नव्हतं. आपण पोत्यात धान्य भरतो तसं काहीतरी असेल, असं वाटायचं. मला खरोखर कुतूहल वाटलं. मी विचारलं, "तार तारंला चिटकत न्हाय का?"

"न्हाय, चिटकती कशी? वरनं रोगण असतं तिला!"

तिचंही न्हायच आधी! तुम्हाला हसू आवरेना, ठसका लागला. मी तुम्हाला पाणी द्यायला उठले आणि तव्यावरची भाकरी करपली. त्या रात्री सगळ्यांनी करपलेली भाकरी खाल्ली आणि तुमच्या लेकाला कारण कुणीच सांगितलं नाही.

त्यांना दोन दिवसांनी सांगितलं. "पोरींचं काम हाय का ते?" ते म्हणाले. मी म्हटलं, "मग?" "लोक हसतील." "मग?" "येश्टीनं एकटी जाणार ती?" "मग?" शेवटी वैतागून म्हणाले, "मग मग काय लावलंय? पासाला फोटो लागंल, फोटो हाय का तिचा?" त्यांच्या नकाराच्या बांधात इतकी कमी माती होती, हे मलाच माहीत नव्हतं. मी आजवर त्यांच्या न्हायला माझं न्हाय लावत होते आणि दोघं मिळून बांध घालत होतो.

तुम्ही त्याच थंडीत गेलात. तिचं शिक्षण पुरं झालेलं तुम्ही पाहिलं नाही, म्हणून सांगते. ती शिकली. भिगवणच्या रस्त्याला तिचं नि जावयाचं मोटारींचं दुकान आहे. शेतकरी आधी जावयाकडे बघून बोलतात आणि काम झालं की तिच्याकडे बघून. पण तुमचा घोर दुकानाचा नव्हता. लग्नानंतर पहिल्या वर्षीच एकदा दुपारी तिचा फोन आला. रडत होती. सासरी काहीतरी फार मनाला लागलं होतं तिच्या. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि ऐकत राहिले. तिनं सगळं सांगितलं, आत्या. मलाच सांगितलं.

आता ज्यासाठी हे लिहिते आहे ते. बाकीचं सगळं आडून आडून झालं. शेवटच्या दुखण्यात एकदा तुम्ही आपणहून म्हणालात, "मी बी तुझ्यासारखीच हुते गं. मेंढरं घिऊन कोकणात उतरलो हुतो तवा..." तेवढ्यात दारात कुणीतरी दुधासाठी हाक मारली. मी उठून गेले. परत आले तेव्हा तुम्हाला झोप लागली होती, आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. कोकणात काय झालं? कुणी काय सांगितलं तुम्हाला? काय गेलं हातातून, की काय राहिलं? तुमच्या लेकाला विचारलं, त्यांना माहीत नाही. विचारायला आता तुमच्या वयाचं कुणी उरलं नाही. हे पत्र टाकायचं कुठं तेही ठाऊक नाही. खरं सांगायचं तर पाकीटसुद्धा आणलेलं नाही.

तरी लवकर लिहा. सुचेल तसं लिहा, लांबलं तर लांबू द्या. मी मध्ये बोलणार नाही.