बावीस वर्षांच्या गोळ्या

२ फेब्रुवारी २०२६

एकशे साठ आणि शंभर. डॉक्टरीणबाईंनी पट्टा दोनदा गुंडाळला, दोन्ही वेळा तोच आकडा. मग विचारलं, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का? चमकतं. कडेकडेने, नागमोडी. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, गर्भनिरोधक गोळ्या आजपासून बंद. या वयात, या दाबावर आणि वर या चमका – कधी एक बाजू लुळी पडेल सांगता यायचं नाही.

मी म्हटलं, पाकिटात पाच उरल्यात, तेवढ्या संपवते. आज थांबले तर तीन-चार दिवसांत पाळी येणार, आणि सहा तारखेला विंचूरचे यजमान आहेत. श्राद्धाचा स्वयंपाक माझ्याकडे.

"काकू, त्यांच्या वडिलांच्या श्राद्धासाठी तुम्ही स्वतःवर संकट ओढवून घेणार आहात का?"

माझ्या मृण्मयीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल ही पोर. एकोणपन्नास वर्षांच्या बाईला असं विचारते!

पाचही गोळ्या पर्समध्ये तशाच घेऊन घरी आले. रात्रीची घेतलीही. लाज वाटली, पण घेतली.

३ फेब्रुवारी

एकदा स्वच्छ लिहून काढते.

मृण्मयी वर्षाची झाली तेव्हा गोळ्या सुरू केल्या. दुसरं मूल नको होतं, एवढंच कारण. पाकिटात एकवीस पांढऱ्या, मग सात तपकिरी. तपकिरी म्हणजे नुसतं लोह, गंजक्या खिळ्याचा वास येणाऱ्या. त्या चालू असताना पाळी येते. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, फार डोकं लागलं नाही – तपकिरी ओळ टाकून सरळ नवीन पाकीट फोडलं की पाळी येतच नाही. आमच्या घराला हे फार सोयीचं. आमचे हे रामकुंडावरचे उपाध्ये. यजमान घाटावर विधी करतात आणि जेवायला आमच्याकडे येतात. स्वयंपाक सोवळ्यातला, घरच्या बाईच्या हातचा. बाई बाहेर बसली तर चार दिवस चूल कोणी बघायची?

मग पाळी बघून यजमानांच्या तारखा द्यायच्या, त्याऐवजी यजमानांच्या तारखा बघून पाळी आणायला लागलो. आई (सासूबाई) दर महिन्याला विचारतात, "वैजू, तुझी तारीख कधी गं?" आणि मी सांगते. रेल्वेच्या चौकशी खिडकीसारखी.

बावीस वर्षं. तपकिरी गोळ्या किती फेकल्या असतील मोरीत. किळस येते.

४ फेब्रुवारी

यांना सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं, पंचांग मिटलं, चष्मा पुसला. मग म्हणाले, "सोड ना. सोडायलाच हवं. फक्त सिंहस्थ होऊ दे."

ऑक्टोबरअखेर ध्वज चढणार, मग पुढचं अख्खं वर्ष पर्वण्या. घर यजमानांनी भरलेलं असणार हे मलाही कळतं. पण मी आकडा सांगितला होता! एकशे साठ! एक बाजू जाईल म्हणाली, हेही सांगितलं. त्यावर, "देव आहे ना." देवाला गोळी गिळावी लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुरुषाच्या ऑपरेशनचंही सुचवलं होतं, दहा मिनिटांत होतं म्हणाली. तेही सांगून टाकलं. हे ताडकन उठून संध्येला गेले. दुपारी तीनला!

आईंनाही सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले, तोंड भिंतीकडे वळवलं. "मग स्वयंपाकाचं कसं?" एवढंच. तब्येतीचं अक्षर नाही.

५ फेब्रुवारी

मृण्मयीचा पुण्याहून फोन. गोळ्या सोडायच्या आधी म्हणे शरीर तयार करायचं असतं. पंधरा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे पंधरा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. सात व्हिडिओ पाठवले. सगळ्यांत त्याच हसऱ्या बायका आणि काचेच्या बरण्या. जवस भाजून पाहिले. मासळीबाजारातून आल्यासारखा वास घरभर. हे विचारत आले, काय जळतंय? मी म्हटलं, मी.

६ फेब्रुवारी

विंचूरचे अकरा जण जेवून गेले. भाजीत मीठ कमी पडलं, कारण दाबासाठी मीठ कमी केल्यापासून माझ्या हाताला अंदाज राहिला नाही. कोणी बोललं नाही. श्राद्धाच्या जेवणाला नावं ठेवत नाहीत.

७ फेब्रुवारी

काल रात्री शेवटची गोळी. पाण्याच्या घोटाबरोबर गेली. काही वाटलं नाही. मोठे प्रसंग असेच जात असावेत.

तपकिरी सात मात्र रोज घेणार आहे. रक्त साडेनऊवर आलंय, लोह घ्याच असं डॉक्टरीणबाई म्हणाली आहे. बावीस वर्षं मोरीत टाकलं ते आता गिळायचं.

९ फेब्रुवारी

पाळी पूर्ण जाईपर्यंत दुसरी काळजी घ्या असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. म्हणजे निरोध दुकानातून आणा. हे आणणार नाहीत. पंचवटीत प्रत्येक औषधवाला यांना वाकून नमस्कार करतो, आशीर्वाद दिल्यावर ते पाकीट कसं मागायचं? मीच गेले, गंगापूर रोडपर्यंत रिक्षाने, जिथे कोणी ओळखत नाही. काउंटरवर पोरगा. पाकीट काळ्या पिशवीत घालून असं सरकवलं, जसं काही मी चोरलंय. मी ते पिशवीतून बाहेर काढलं आणि पर्समध्ये ठेवलं. पिशवी परत दिली.

घरी यांनी ते दोन बोटांत धरून पाहिलं. नाक मुरडलं. फुग्याचा वास येतो म्हणाले. मग कपाटावर झोपा, म्हटलं.

१० फेब्रुवारी

आली. पोटात कोणीतरी कपडे पिळतंय असं. गाठी पडताहेत. इतक्या वर्षांत विसरलेच होते हे काय असतं. गोळ्यांवरचं ते सौम्य, शिस्तीतलं असायचं. हे म्हणजे तुंबलेली मोरी फुटावी तसं.

मागच्या खोलीत बसले आहे. देवघर नाही, स्वयंपाकघर नाही, माठ नाही. वही चालते का, हे अजून कोणी ठरवलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

११ फेब्रुवारी

यांनी स्वयंपाकाला आचारी आणला. निवृत्ती नाव. आज सहा यजमान होते. मला मागच्या खोलीच्या दारातून ओटा दिसतो.

निवृत्तीच्या गालात तंबाखूची गोळी. ती बोटाने काढून खिडकीतून फेकली, त्याच बोटाने कढीची चव घेतली. धोतराला हात पुसला. धोतराखालून अंतर्वस्त्रात खाजवलं – हो, लिहिते, का नको लिहू – आणि पुरणाचा गोळा उचलला. त्याला सगळे "निवृत्तीमहाराज" म्हणतात. तो शुद्ध. मी दोनदा आंघोळ करून, केस धुऊन, दाराच्या या बाजूला अशुद्ध.

ठमाबाई भांडी घासायला येते, पेठकडची आहे. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "वैनी, त्याला भायर बसवा की चार दिस."

हसले. पोट दुखलं हसताना.

१४ फेब्रुवारी

न्हाऊन आत. ओटा घासायला दीड तास गेला. फोडणीच्या डब्यात सुपारीचं खांड सापडलं.

आईंनी तेवढे चार दिवस गुडघे धरधरून पोळ्या केल्या होत्या, निवृत्तीच्या पोळ्या यांना गिळवत नाहीत म्हणून. मी पोळपाट हातातून घेतला तर म्हणाल्या, "दर महिन्याला हे असंच का आता?" मी म्हटलं, हो, असंच. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला रागच आला. माझं रक्त जातंय आणि रडताहेत या!

२२ फेब्रुवारी

हनुवटीवर तीन पुटकुळ्या. एकोणपन्नासाव्या वर्षी! उशीला घामाचा आंबूस वास, रोज खोळ बदलते. काल डाव्या हाताने डबा आपटला, कारण झाकण बसेना. दाब एकशे बावन्न.

डॉक्टरीणबाई म्हणाली, इतकी वर्षं बाहेरून मिळत होतं ते एकदम बंद झालंय, तीन-चार महिने शरीर असं अंगावर येणार. चाला, झोपा, मीठ कमी. बियांबद्दल विचारलं तर हसली. "आवडत असतील तर खा." मृण्मयीला हे कळवलं नाही. बरणी ठमाबाईला दिली. तिच्या कोंबड्या खातात.

३ मार्च

रोज पहाटे गोदाघाटाने तपोवनापर्यंत चालते. नदीला शेवाळाचा आणि कुजक्या झेंडूचा वास. पण एक आहे – चमका आल्या नाहीत. महिना होत आला, एकदाही नाही.

९ मार्च

एकशे बेचाळीस, नव्वद.

यांना आकडा सांगितला. म्हणाले, "बघ, उतरलाच की. मग आता सिंहस्थापुरती परत सुरू करायला हरकत नसावी." मी ताट उचलून आत नेलं. त्यांचं जेवण व्हायचं होतं.

१६ मार्च

आज जे झालं ते फक्त इथे.

नांदगावचे एकवीस जण, मोठं कुटुंब, आजोबांचं वर्षश्राद्ध. पहाटेपासून सोवळ्यात. वरण झालं, खीर झाली, आमसुलाची चटणी झाली. वडे तळायला घेतले आणि कळलं. तारीख उलटून सहा दिवस झाले होते, या महिन्यात येत नाही असंच धरलं होतं. आता शरीर पाकिटाचं ऐकत नाही.

कढईसमोर उभी राहिले. सांगितलं असतं तर केलेलं सगळं फुकट. हे निवृत्तीला बोलावणार. एकवीस माणसं उपाशी, लहान मुलं, एक म्हातारी मधुमेहाची. आणि मग "म्हणून म्हणत होतो गोळ्या सोडू नकोस." त्या वाक्यानंतर मी परत पाकीट आणलं असतं. मला माहीत आहे मी. आणलं असतं.

हातातला घाणा काढला. गॅस बारीक केला. न्हाणीघरात गेले, आंघोळ केली, दुसरं सोवळं नेसले. बाहेर येऊन उरलेले वडे तळले.

काहीतरी होईल असं वाटत होतं. काय, ते सांगता येणार नाही. खीर फाटेल, कावळा पिंडाला शिवणार नाही. कावळा लगेच शिवला म्हणे. वडे टम्म फुगले. मधुमेहाच्या म्हातारीने खीर दोनदा मागून घेतली, जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. "लय ग्वाड हात हाय तुझा, माय." मी तो हात गालावरून बाजूला करणार होते. केला नाही.

यांनी देवापुढे हात जोडले, अन्नपूर्णा आहे म्हणाले. मला उलटी झाली संध्याकाळी. पापाची नव्हे, हे लिहून ठेवते. बावीस वर्षांची असावी.

१७ मार्च

आईंना सांगितलं. यांच्यापासून लपवता येईल, त्यांच्यापासून नको वाटलं. त्यांचं सोवळं कडक, त्याही काल तेच जेवल्या. मटार सोलत होत्या. म्हटलं, आई, काल वडे तळताना मला सुरू झालं. तशीच रांधत राहिले. तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा.

त्यांनी शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले.

"मी चौतीस वर्षं तशीच रांधत आले. मला ना जाऊ, ना नणंद. कोण करणार होतं?"

मग मी आले तेव्हा का नाही सांगितलं, असं विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण त्यांनी हात आवरते घेतले.

"कसं सांगणार बाई? लग्नाला महिना नव्हता झाला, तू आपणहून वेगळं ताट मागून घेतलंस. कॉलेज शिकलेली, तोंडाने फटकळ. मी म्हटलं, हिच्या माहेरचं फार कडक दिसतंय, हिला माझं कळलं तर हातचं पाणी पिणार नाही. मीच भ्यायले तुला. दर महिन्याला तारीख विचारायची ती तेवढ्यासाठीच. तू बाहेर असलीस की चूल माझ्याकडे, आणि तुला दारातून दिसायचं, म्हणून मला सोवळं नीट पाळल्याचं दाखवावं लागायचं."

१८ मार्च

उपाध्यायांचं घर म्हणून मी ते ताट मागितलं होतं. माहेरी आम्ही कोणीच, कधीच, काहीच पाळत नव्हतो.

आईंना हे अजून सांगितलेलं नाही.