दोघांनी मिळून यावे

१८ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस,
मुंगीचा सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आधी लिहिते, कारण बाबा पत्राच्या दुसऱ्या पानापर्यंत कधी टिकत नाहीत. मला इंटर्नशिप मिळाली! उन्हाळ्याचे दोन महिने एका सल्लागार कंपनीत काम करायचं. त्यांना पसंत पडलं तर शेवटी कायमच्या नोकरीचं पत्र हातात ठेवतात, म्हणजे शेवटचं वर्ष मी निर्धास्त. नाही पडलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा हीच वणवण.

वणवण कसली ते आता लिहायला हरकत नाही. एका बँकेत गटचर्चेलाच बाहेर पडले. सगळे एकदम ओरडत होते आणि मी आपली माझी पाळी यायची वाट बघत बसले होते. दुसरीकडे साहेबाने वडील काय करतात ते विचारलं. साबणाच्या कारखान्यात, गुंडाळणी खात्यात फोरमन आहेत म्हटल्यावर त्याने पुढचा प्रश्नच विचारला नाही. वर्गातल्या निम्म्या जणांची सोय काका-मामांच्या ओळखीने झाली. माझा मामा शिंपी, त्याने कोट शिवून दिला तोच माझा वशिला!

इथल्या मुलाखतीत विचारलं, हट्टी माणसाला कसं पटवाल? पुस्तकातलं एक उत्तर आठवेल तर शपथ. मग मी बाबांच्या चष्म्याची गोष्ट सांगितली. डॉक्टर समजावून थकले होते, पण आईला शेजारच्या खुर्चीत बसवल्याबरोबर बाबा मुकाट्याने हो म्हणाले. तिघेही साहेब खूप हसले. थोरल्या साहेबांनी तर ते टिपूनच घेतलं. बाबा, रागावू नका, तुमच्या हट्टानेच मला तारलं.

माझी काळजी करू नये. माया आहे ती पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
मुंगी


२७ मार्च

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडून आलीस आणि वर रागावू नका म्हणतेस! बाबा दोन दिवस खोटंखोटं फुगून बसले. पण तुझं पत्र खिशात घालून कारखान्यात नेलं आणि साऱ्या खात्याला दाखवलं. आता त्या कागदाला साबणाचा वास लागलाय. तोंडाने कौतुक करतील तर ते बाबा कसले.

त्यांचा खोकला तसाच आहे. साबणाचा भुगा छातीत बसतो, दुसरं काय. मी सुट्टी घ्या म्हणते, तर म्हणतात की माझ्यावाचून यंत्र रुसतं. अजून आठ वर्षं नोकरी आहे आणि निवृत्तीचं नाव काढलं की घरात अबोला.

तुझ्या ताईचं पत्र आलंय. बरी आहे, रुग्णालयात रात्रपाळ्या फार असतात म्हणते. पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलंय. तिने मनाने लग्न केलं तेव्हापासून हे तिची पत्रं फोडत नाहीत आणि मी वाचलेलंही त्यांना खपत नाही. बाप-लेक दोघंही एकाच मातीची.

फोन करू नकोस गं. कोपऱ्यावरचा दुकानदार कान टवकारून बसतो आणि मग गल्लीभर आपलंच. पत्रच लिही, वेळेवर जेव, आईबापाचा विसर पडू देऊ नकोस.

तुझी,
आई


२९ एप्रिल

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

हे आईला लिहिता येत नाही, म्हणून तुझ्या गळ्यात घालते.

आमचं काम म्हणजे कारखान्यांतली माणसं कमी करणं. तसं म्हणायचं मात्र नाही. स्वेच्छानिवृत्ती म्हणायचं. पूर्वी माणसाला एकट्याला बोलवत, तो विचार करतो म्हणून जायचा आणि परत फिरकायचा नाही. तेव्हा थोरल्या साहेबांना माझी चष्म्याची गोष्ट आठवली. आता बोलावणं नवरा-बायको दोघांच्या नावे जातं आणि त्यावर दोघांनी मिळून यावे असं छापलेलं असतं. खोलीत टेबल ठेवत नाहीत, सोफा आणि चहा. आधी बायकोशीच बोलायचं. नवऱ्याची पाठ, त्याची झोप, मुलांची शिक्षणं. ती हळूहळू मान हलवायला लागते, मग नवरा तिच्याकडे बघतो आणि सही होते. कोणता प्रश्न कशानंतर विचारायचा ते मी बसवून दिलं. ताई, माझी इतकी वाहवा आजवर कुणी केली नव्हती.

गेल्या आठवड्यात यंत्रात दोन बोटं गेलेला एक माणूस आला होता. त्याने सही केली आणि त्याची बायको माझा हात हातात घेऊन आभार मानत राहिली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं, याचंच जास्त वाईट वाटलं.

कारण मला एक गोष्ट ठाऊक आहे. जो सही करत नाही त्याला काढता येत नाही. कराराने त्याची नोकरी पक्की आहे, कंपनी फार तर तोंड वाकडं करील. हे खोलीत बोलायचं नाही आणि बाहेरही बोलणार नाही, असं आम्ही रुजू होतानाच लिहून दिलंय. बोललं की त्याच दिवशी घरी. आता एक शेवटचा कारखाना उरलाय, तो दुसऱ्या तुकडीकडे आहे. तिथलं काम आटोपलं की माझं सादरीकरण आणि मग नोकरीचं पत्र.

हे वाचून फाडून टाक. आणि रागाव, पण दूर लोटू नकोस.

तुझी,
मुंगी


८ मे

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मिळताच उत्तर टाक. बाबांच्या कारखान्यात बाहेरची माणसं आली आहेत. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं, सगळी तुझ्याच वयाची. जुन्या लोकांना मोठी रक्कम देऊन मोकळं करणार म्हणे. आम्हालाही बोलावणं आलंय, दोघांनी मिळून यावे म्हणून. इतक्या वर्षांत मला त्या फाटकाच्या आत कुणी बोलावलं नव्हतं. मी बाबांना म्हटलं, बघा, शेवटी कुणाला तरी माझी किंमत कळली!

खरं सांगू, मला वाटतं घ्यावं. त्यांचा खोकला ऐकून रात्री माझा डोळा लागत नाही. पण बाबांचा चेहरा उतरलाय. नाही म्हटलं तर उद्या हात हलवत घरी पाठवतील का, ही धास्ती आहे. खात्यात जो तो वेगळंच सांगतो आणि कुणालाच धड काही माहीत नाही.

तू हेच शिकतेस. सही करावी की करू नये, ते दोन ओळींत कळव. एकवीस तारखेला जायचंय.

वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
आई


१३ मे

प्रिय मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

आईने मलाही लिहिलंय, म्हणजे तुलाही लिहिलंच असेल. तुझं मागचं पत्र मी फाडलं, पण वाचलेलं विसरता येत नाही. ती माणसं तुमचीच आहेत. तो सोफा आणि तो चहा आता आपल्या आईबाबांसाठी मांडलाय.

आज, आत्ता लिही. बाबा, सही करू नका, तुम्हाला कुणी काढू शकत नाही. एवढंच पुरे. मी लिहिलं असतं, पण माझं पाकीट बाबा हातात धरत नाहीत. आईला कळवलं तर हे कुणी सांगितलं म्हणून विचारतील, आणि माझं नाव निघालं की विषयच मिटला. उलट हट्टाने सही करून येतील. ओळखतेस ना त्यांना.

तुझी नोकरी जाईल, हे मला कळतं. किती दारं ठोठावलीस तेही मला माहीत आहे. अगं, पण दारं आणखीही असतात. त्या माणसाला त्या यंत्रांपलीकडे दुसरं काय आहे? त्याला एक मुलगी होती ती मी, आणि मी तर हिशेबातून गेले. आता तूच आहेस. या वेळी मूग गिळून बसलीस तर मी तुला कधी बोलणार नाही, पण माझ्या मनातून उतरशील.

पत्र टाकलंस की मला कळव.

तुझी,
ताई


१६ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इथे कामाची फार घाई आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. चोवीस तारखेला माझं सादरीकरण आहे आणि त्यावरच सगळं ठरणार आहे.

तुमच्या कारखान्याबद्दल इतक्या लांबून मी काय सांगणार? कागद नीट वाचा. मान देऊन, दोघांना बोलावून विचारतायत, तर माणसं वाईट नसावीत. अशा योजना बऱ्याच ठिकाणी येतात आणि लोक घेतातही. बाबांच्या तब्येतीचा विचार व्हायला हवा, हे आईचं म्हणणं खोटं नाही. तुम्हा दोघांना योग्य वाटेल ते करा. जे कराल ते चांगलंच होईल.

बाबा, खोकल्याचं औषध चुकवू नका. आई, तूही दगदग करू नकोस. मी सुट्टीत येतेच आहे.

घाईत लिहिलंय, गोड मानून घ्यावं.

तुमची,
मुंगी


५ जून

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. घरात लिहिण्याचं खातं तुझ्या आईचं. पण आता दिवसभर घरीच असतो, म्हणून बसलो.

तुला नोकरीचं पत्र मिळाल्याचं आईने सांगितलं. चांगलं झालं. गल्लीत मी सांगितलं नाही, आईने सांगितलं.

एकवीस तारखेचं तुला कळलंच आहे. आईला वाटतं, मी तिच्या म्हणण्यावर सही केली. वाटू दे, तेवढंच तिला समाधान. चष्मा, पंखा, पाहुण्यांकडे जायचं की नाही, हे मी तिच्यावर सोडतो. कामाचं कधी सोडलं नाही. मी सही करणार नव्हतो. आदल्या रात्रीपर्यंत मनाशी पक्कं होतं. आई सोफ्यावर बसून मान हलवत होती आणि मी पेन त्यांना परत देणार होतो.

तेव्हा त्यांच्यातल्या मुख्य माणसाने सहज विचारलं, मुलं काय करतात. मी तुझं सांगितलं, कॉलेजचं नावही सांगितलं. तो हसला आणि म्हणाला की मग तुम्हाला आम्ही काय समजावणार, तुमची मुलगी आमच्याच कामावर आहे. मला वाटलं, देव पावला. म्हणजे माझ्या मुलीला आतलं सगळं ठाऊक आहे. यात काही खोट असती तर तिने लिहिलं असतं. मी खिशातून तुझं शेवटचं पत्र काढलं, पुन्हा एकदा वाचलं आणि त्याच सोफ्यावर सही केली.

माझ्या खात्यातल्या तिघांनी सही केली नाही. त्यांना कुणी काही केलं नाही. ते भोंगा झाला की आत जातात. परवा त्यातला एक भेटला. म्हणाला की काढताच येत नव्हतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का. मी म्हटलं, मला विचारायचं सुचलं नाही. तुझं नाव कुणापाशी काढलं नाही, आईपाशीही नाही.

मला वाईट वाटतं, मुंगे. सकाळी जास्त वाटतं. तू एक ओळ लिहिली असतीस तर तुझं किती नुकसान झालं असतं, ते मला माहीत नाही. असेल मोठं. मला विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं की लिहू नकोस, तुझं बघ.

पण तू मला विचारलं नाहीस.

नव्या नोकरीत नीट वाग. सुट्टीत आलीस तर आईपुढे यातलं काही बोलू नकोस, ती खुशीत आहे. पत्र टाकत जा. मी उघडीन.

तुझा,
बाबा