तोंड बघून हजेरी

प्रिय शहाणे,

गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला मी मान वर केली नाही, आणि तिथून सगळं बदललं. इथे कुणालाही विचार, ते सांगतील की सव्वाअकराला जमीन हलली तेव्हा बदललं. त्यांचंही चूक नाही. भूकंप सगळ्यांना दिसला, माझी मान कुणाला दिसली नाही. आज चार वाजता शाळेच्या मैदानावर पालक जमणार आहेत. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सगळ्यांसमोर माझं कौतुक करणार आहेत आणि मग मला दोन शब्द बोलायला सांगणार आहेत. आता अडीच वाजलेत. त्या दोन शब्दांची मला भूकंपापेक्षा जास्त धास्ती वाटतेय, म्हणून लिहायला बसलोय. माझ्या आधीच्या एकोणीस पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, ते बरंच केलंस. हे एवढं मात्र वाच.

हो, मी मास्तर झालोय. हसून घे आधी. ज्याला कॉलेज पुरं करता आलं नाही त्याने तिसरीच्या पोरांना पाढे शिकवायचे, म्हणजे पोहता न येणाऱ्याने काठावरून हात कसे मारायचे ते सांगण्यासारखंच आहे. तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि चार महिन्यांपुरतं कुणी मिळेना. मोठ्या बाई आईच्या जुन्या मैत्रीण, त्यांनी आईच्या शब्दाखातर मला ठेवून घेतलं. निघताना आई एवढंच म्हणाली, "चार महिने कुणाच्या अंगावर धावून जाऊ नकोस, बाबा. पाचव्या महिन्यात काय ते धाव." मी कबूल केलं. एकतीस पोरं, एक फळा, खिडकीला लागून एक डुगडुगणारं टेबल. पहिल्या आठवड्यात माझ्या नाकात इतका खडू गेला की शिंकलो तरी पांढरं यायचं.

शाळेचे शिपाई आहेत, त्यांना लहानथोर सगळेच मामा म्हणतात. चाळीस वर्षं घंटा देतायत. पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळी शाळा फिरवून दाखवली. पाण्याची टाकी कुठे, कुठल्या दाराची कडी आतून अडकते, जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत लपंडावात कोण लपतं. मग हजेरीचं पुस्तक हातात देऊन दोन गोष्टी सांगितल्या. इकडे जमीन अधूनमधून हलते, तेव्हा हलायला लागली की पोरं बाकाखाली, थांबली की ओळीने मैदानात, दप्तरं नाहीत, पण हजेरीचं पुस्तक सरांच्या काखेत पाहिजेच. बाहेर आल्यावर त्याच्यावरून मोजायचं. आणि दुसरी गोष्ट, "सर, नाव वाचताना तोंड बघत जा. नाव काय, कुणीही उचलतं. तोंड ज्याचं त्याचंच असतं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हातारा फारच शिकवतोय.

माझ्या वर्गात दोघीजणी आहेत, त्यांच्याविषयी सांगायला हवं. एकीला मी मनातल्या मनात भोंगा म्हणतो. ती "उपस्थित" म्हणाली की शेजारच्या चौथीतली पोरं दचकतात. तिच्या बाजूला बसते ती पिटुकली. इतकी लहान की बाकावर बसली की पाय लोंबकळतात, आणि आवाज मुंगीच्या खोकल्याएवढा. दोघी एकाच बाकावर, एकीचं खोडरबर दुसरीच्या डब्यात, आणि भांडल्या तर फार तर मधल्या सुट्टीपर्यंत. जिन्याखालच्या खोलीत लपणारी ती हीच पिटुकली.

तर मंगळवारी साडेदहाला मी हजेरी घेत होतो. म्हणजे नावं तोंडाने वाचत होतो आणि हजेरीच्या पुस्तकाखाली कागद ठेवून तुला विसावं पत्र लिहीत होतो. आदल्या रात्री झोप आली नव्हती, तू डोक्यात घोळत होतीस, आणि एक वाक्य असं सुचलं होतं की ते निसटेल अशी भीती वाटली. नाव वाचायचं, "उपस्थित" ऐकलं की बरोबरची खूण करायची आणि पुन्हा तुझ्याकडे यायचं. भोंग्याचं "उपस्थित" आलं. पुढचं नाव पिटुकलीचं. तिथेही "उपस्थित" आलं. बारीक आवाजात. मी खूण केली. कागदावर तेव्हा लिहून झालं होतं, "तुझ्यासाठी मी काय नाही केलं". त्या वाक्यापुढे अजून पूर्णविरामही नाही.

सव्वाअकराला आधी खिडकीच्या काचा वाजायला लागल्या. मला वाटलं बाहेरून मोठा ट्रक जातोय. मग भिंतीवरचा नकाशा झोके घ्यायला लागला आणि टेबल आपणहून माझ्याकडे आलं. मी ओरडलो, "बाकाखाली!" आणि खरं सांगतो, पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी अजून उभाच होतो तोवर सगळी खाली गेली होती. माझी चप्पल धरून कुणीतरी मला खाली ओढलं. अर्धं मिनिट असेल. छताची माती डोक्यावर चाळणीतून पडल्यासारखी पडत होती, आणि एक पोरगा पुन्हा पुन्हा विचारत होता, "सर, आता उद्या सुट्टी?" थांबल्यावर ओळीने बाहेर आलो. हजेरीचं पुस्तक काखेत होतं, तेवढं मी नीट केलं. मैदानात सगळे वर्ग आपापल्या जागी उभे राहिले, मी मोजलं. तीस. पुस्तकात एकतीस खुणा. पुन्हा मोजलं. तीस. पिटुकली नाही.

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. काडेपेटी नाव तूच ठेवलंस. मी भोंग्याला दोन्ही खांद्यांना धरलं आणि ओरडलो, "कुठे आहे ती? बोल ना! तुझ्या शेजारी बसते ना!" ती तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिली आणि आवाज फुटला नाही. मी थांबलो असतो, खाली बसलो असतो, जरा हळू विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं. मी पळत सुटलो. मामा मागून ओरडत होते, "सर, तुम्ही पोरांपाशी थांबा! खोल्या मला ठाऊक आहेत!" मी ऐकलं नाही. मग तेही मागून आत आले. मी वर्गात, मुतारीत, व्हरांड्यात बघितलं, ते सरळ जिन्याखालच्या खोलीत शिरले. मला नव्हतं सुचलं, त्यांना सुचलं. तेवढ्यात दुसरा धक्का बसला. पहिल्यापेक्षा लहान होता, पण तिथलं भिंतीवरचं लाकडी फडताळ सैल झालेलंच होतं. ते त्यांच्या पायावर पडलं.

मी त्यांना पाठीवर घालून बाहेर आणलं. एवढंच लोकांनी पाहिलं. धुळीतून एक नवा पोरगेलासा मास्तर येतोय आणि त्याच्या पाठीवर म्हातारा शिपाई. तासाभराने पिटुकलीचे वडील तिला खांद्यावर घेऊन शाळा शाबूत आहे का ते बघायला आले. तिच्या गालावर रुमाल बांधलेला, गाल पेरूएवढा सुजलेला. सकाळपासून दाढ दुखत होती, ती घराबाहेरच पडली नव्हती. मोठ्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "होतं रे असं. घाबरलं की मोजणी चुकतेच." मी हजेरीचं पुस्तक काखेत आणखी घट्ट दाबलं. मोजणी बरोबर होती, शहाणे. पुस्तक खोटं होतं.

ते बारीक "उपस्थित" भोंग्याचंच, हे मला त्याच क्षणी कळलं. कारण तसं बारीक ओरडायला मीच तर पटाईत होतो. कॉलेजच्या हजेरीत तुझा नंबर बेचाळीस. त्या दिवशी तू वर्गात नव्हतीस आणि मी नरड्यातून फुटक्या शिट्टीसारखा आवाज काढून "प्रेझेंट सर" म्हणालो. मागचे दोन बाक हसले, सरांनी खूण केली, मला वाटलं मी गड जिंकला. दुसऱ्या दिवशी तू आलीस आणि रजेचा अर्ज घेऊन सरांपुढे उभी राहिलीस. वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं, असा साधा, खरा अर्ज. आणि पुस्तकात तू हजर. सरांनी तुला सगळ्या वर्गापुढे खोटारडी म्हटलं आणि महिनाभर प्रयोगशाळेत येऊ दिलं नाही. मी आठवडाभर धुमसत राहिलो. मग एक दिवस भर तासाला उठलो, तुझा अपमान केला म्हणून सरांना नाही नाही ते बोललो, हजेरीचं पुस्तक खिडकीतून भिरकावलं, दार आपटून निघालो ते पुन्हा गेलोच नाही. तू फाटकापाशी मला गाठलंस आणि विचारलंस, "तुला कुणी सांगितलं होतं?" दोन वर्षं मला वाटत राहिलं की तू भांडणाबद्दल विचारलंस. मंगळवारी मैदानात उभं राहून कळलं की तू त्या "प्रेझेंट"बद्दल विचारत होतीस.

परवा मामांना बघायला दवाखान्यात गेलो. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. म्हणाले, "बसा सर. पाय काय, चाळीस वर्षं घंटेपर्यंत चालून कंटाळलाच होता. घेऊ दे रजा." मी हसलो नाही. "मामा, मला काही सांगायचंय," मी म्हणालो. ते माझ्याकडे न बघता चादरीची घडी सारखी करत म्हणाले, "मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, तोंड बघा. मला आता आणि काय सांगताय? सांगायचं असेल तर त्या पोरीला सांगा. काल आईबरोबर आली होती. तासभर माझ्या पायाकडे बघत बसली. मी म्हटलं, अगं, एवढी मोठ्याने ओरडायचीस, आता मुकी झालीस काय? तर तिचा नुसता ओठ हलला."

शाळा आता मैदानात भरते, ताडपत्रीखाली. भोंगा मंगळवारपासून बोललेली नाही. हजेरीला नाव घेतलं की हात वर करते, तोही खांद्याच्या वर जात नाही. आता मी तोंड बघूनच हजेरी घेतो, म्हणून हे दिसतं. काल मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसलो आणि म्हटलं, तुझी काही चूक नाही गं, चूक माझी. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण कडू औषध गोड आहे म्हणणाऱ्याकडे बघतो. खरं एकट्यात सांगितलं की लहान मुलाला ती समजूत वाटते. आणि आज चार वाजता ती आईचा हात धरून पहिल्या रांगेत बसणार. मोठ्या बाई मला शूर म्हणणार, लोक टाळ्या वाजवणार. मी मान खाली घालून त्या टाळ्या घेतल्या, तर ती एकच गोष्ट पक्की धरून बसेल, की सर शूर, मामांचा पाय मोडला, आणि तो मोडला तो तिच्यामुळे. नऊ वर्षांची आहे ती. मैत्रीण उशिरा येईल, तिला ओरडा बसू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

म्हणून चार वाजता मी सांगणार आहे की हजेरी घेताना मी मान वर केली नव्हती, मी पत्र लिहीत होतो. कुणाला ते मात्र नाही सांगणार. नोकरी बहुतेक जाईल. आईला काय तोंड दाखवू ते अजून ठरलेलं नाही. कुणाच्या अंगावर धावून जाणार नाही हा शब्दही भोंग्यापाशी मोडलाच, तेही तिला सांगावं लागेल. पण भोंग्याने ते सगळ्यांदेखत ऐकायला हवं, तरच तिला ते खरं वाटेल.

आणि तुला लिहिलं ते याचसाठी की असं सगळ्यांदेखत सांगायचं एक काम माझं दोन वर्षं राहून गेलंय. तुझ्यासाठी कॉलेज सोडलं असं मी ज्याला त्याला सांगत फिरलो. पण त्या वर्गात, इतकं ओरडूनही, "तो आवाज माझा होता" हे चार शब्द मी बोललो नव्हतो. तुला खोटारडी म्हटलेलं तसंच राहिलं आणि मी दार आपटून मोकळा झालो. या पाकिटात दुसरं एक पाकीट आहे, उघडंच ठेवलंय. सरांच्या नावाचं पत्र आहे, त्यात ते चार शब्द आहेत, तारीख आहे, तुझा नंबर आहे आणि खाली माझी सही. वाच. पाठवावंसं वाटलं तर पाठव, फाडावंसं वाटलं तर फाड. या वेळी तुला न विचारता तुझ्या नावावर मी काही करणार नाही. एकविसावं पत्र येणार नाही, उत्तराची वाटही बघणार नाही. ते अर्धवट विसावं आज सकाळी मी फाडून टाकलं. साडेतीन वाजलेत. हजेरीचं पुस्तक काखेत घेतलंय, ते तिथे दाखवावं लागेल. पाकीट चिकटवतो, जाताना पेटीत टाकतो. खोलीचं हे दार जोरात ओढल्याशिवाय लागत नाही असं मला वाटायचं. कालच कळलं, जरासं उचलून धरलं की आवाज न करता लागतं. आता तसंच लावून निघतो.

तुझाच, पण तुला न विचारता नाही,
काडेपेटी