हिरव्या बाटलीतला कोरा चहा

बाबा, परवा मी अकोल्याला माझ्या घरी आयुष्यात पहिल्यांदा व्हिस्की प्यायले. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी! लेक डब्लिनहून आली, तिने बॅगेतून आयरिश व्हिस्कीची हिरवी बाटली काढली आणि मला हसूच फुटलं. अगदी तशीच बाटली तुमच्या बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये कपाटावर होती. तुम्ही मालगाडीचे गार्ड. बदली होऊन जाताना एका साहेबांनी ती तुम्हाला दिली होती. बूच उघडून तुम्ही नुसता वास घेतलात आणि म्हणालात, "हे तुया हळदीले काढू. तोवर कोणी हात लावाचा नाही."

हात मीच लावला. ताईच्या साखरपुड्यात अचलपूरला दोन घोट जास्त घेऊन तुम्ही व्याह्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडला होतात, अन् सगळा मांडव बघत होता. मला माझ्या लग्नात तो तमाशा नको होता. म्हणून हळदीच्या दुपारी मी बाटली मोरीत ओतली आणि कोरा चहा गार करून तिच्यात भरला. काच हिरवी, रंग कुणाला दिसतोय! संध्याकाळी मी हळद माखलेली, खिडकीतून चोरून बघतेय. मागच्या अंगणात तुम्ही आणि शेजारचे ड्रायव्हरकाका स्टीलचे गिलास घेऊन बसलात. पहिला घोट घेऊन तुम्ही थांबता, गिलासात बघत राहता. काका म्हणतात, "मले त काहीच चढून नाही राहिली गड्या." तुम्ही म्हणता, "आयरिश हाय बाप्पा, हळू चढते. पी." दोघांनी गप्पा मारत बाटली संपवली.

हा किस्सा सांगून मी तीस वर्षं सासर-माहेर हसवलं. आमच्या बाबांना चहा पाजला अन् त्यांना कळलंसुद्धा नाही!

परवा लेक म्हणाली, "आई, पाणी नको घालूस, आधी नुसता वास घे." घेतला. भाजलेल्या रव्यासारखा वास, मागून जरासा मध. ती सांगत होती की ही तीनदा गाळतात, म्हणून घशाला टोचत नाही. खरंच टोचली नाही. गोडसर, मऊ, मग छातीत सावकाश ऊब. दुसऱ्या घोटाला माझा हात थांबला. ज्याने एकदा हा वास घेतलाय तो माणूस गार चहाला व्हिस्की समजेल? आणि तुम्ही तर पिणारे. तुम्हाला पहिल्याच घोटात कळलं होतं. कुणी केलं तेही, आणि कशाला केलं तेही.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी पाठवणीला आई रडली, ताई रडली, ड्रायव्हरकाकाही रडले. तुम्ही मात्र हात मागे बांधून उभे. माझ्या सासऱ्यांना म्हणालात, "निघा आता, गाडी टायमावर हाय." मी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवून लगेच बाजूला झालात. त्याची अढी मी तुम्ही गेल्यानंतरही मनात धरली. बाप आहे की दगड, असं एकदा आईलाही बोलले.

हे पत्र वहीतच राहणार आहे. पण एवढं कबूल करते, बाबा. त्या दिवशी गाडीत बसेपर्यंत मी सारखी मागे वळून बघत होते. तुम्ही रडावं, सगळ्या मांडवादेखत रडावं, असं मला वाटत होतं.