गच्चीच्या कठड्यावरची मुलगी

बाई,

तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. छावणीजवळच्या आपल्या समाजाच्या मुलींच्या वसतिगृहात आता रेक्टर म्हणून मी आहे. तुमच्याच खोलीत राहते. कॉलेजात शिकणाऱ्या ऐंशी मुली आहेत, सोयगाव, कन्नड, पैठण, कुठून कुठून आलेल्या. पण ही खुशाली कळवायला लिहायला बसले नाही. गेल्या महिन्यात इथं एक गोष्ट घडली, तिच्यात मी तुमच्यापेक्षा वेगळं वागले, आणि त्याचा जाब द्यायचा तर तो तुम्हालाच, असं वाटत राहिलंय.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचा तो रविवार. नव्या मुलींचं 'स्वागत' करायची आपल्याकडं पद्धत होती. तुम्हाला ते माहीत होतं आणि नव्हतंही. डोळ्यांना ओढणी बांधायची आणि गच्चीच्या कठड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावायचं. एका बाजूला गच्ची, दुसऱ्या बाजूला तीन मजले मोकळे. आदल्या वर्षी मी चालले होते. मेंढरांमागं डोंगर चढत वाढलेली पोरगी मी, मला त्याचं काही वाटलं नाही, आणि ज्यांना वाटतं त्या भित्र्या, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. त्या रविवारी जेवणं झाल्यावर एका बारक्या, नव्या मुलीच्या डोळ्यांवर ओढणी मी बांधली. चार पावलं चालून ती थांबली. "ताई, मला नाय जमायचं. उतरू द्या ना." मी हसले. "चाल गं, थोडंच राहिलंय," म्हणाले. पुढच्या दोन-तीन पावलांत तिचा तोल गेला आणि ती हातावर पडली. आतल्या बाजूला पडली. बाहेरच्या बाजूला पडली असती तर, हा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

तुम्ही स्वयंपाकघरात बसून तूर निवडताय. मी तिला धरून दारात उभी आहे. "बाथरूममध्ये घसरली," मी सांगते आणि तिच्या पाठीला हळूच बोट लावते. तीही मान हलवते. तुम्ही आमची तोंडं बघत नाही, तिचे पाय बघता. पाय कोरडे आहेत आणि तळव्यांना कठड्याचा पांढरा चुना लागलाय. सूप बाजूला ठेवून तुम्ही उठता, तिचे पाय ओल्या फडक्यानं पुसता आणि मला रिक्षा आणायला पाठवता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, "बाथरूममध्ये घसरली." मी बाकावर बसून ते ऐकलं. परत आल्यावर तुम्ही मला एकटीला बोलावलंत. "तू खोटं बोललीस ते बोललीस. तिला कशाला बोलायला लावलंस? तिचा तर हात मोडलाय." मला वाटलं आता घरी पाठवणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "प्लॅस्टर निघेपर्यंत तिचे केस तू धुवायचे. रोज वेणी घालायची. आणि गच्चीला आजपासून कुलूप."

सहा आठवडे मी तिचे केस धुतले. ती स्टुलावर वाकून बसायची, प्लॅस्टरचा हात पुढं धरून, आणि मी मागून पाणी घालायचे. काही दिवसांनी ती गावाकडचं काही काही सांगायला लागली. शेवटच्या आठवड्यात, डोळ्यांत साबण गेला म्हणून मी तिचं तोंड धुवत होते, तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुम्ही मला ढकललं नव्हतं. माहिताय मला. पण तुम्ही हसलात ना, तेवढंच लक्षात राहिलंय." वर्ष संपल्यावर तिचे वडील तिची पेटी न्यायला आले. पुढच्या वर्षी ती येणार नव्हती. पेटी मी रिक्षापर्यंत नेली. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "लई केलंस पोरी, माझ्या लेकीसाठी." तुम्ही फाटकात उभ्या होतात, बाई. तुम्हीही काही बोलला नाहीत.

गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी जिन्यावरून पडली. पायाला प्लॅस्टर घालून आणली. तिला धरून आणणारी दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली, "मॅडम, पाय सटकला तिचा." मी दार लावून त्या पडलेल्या मुलीजवळ बसले. तिला म्हणाले, घाई नाही, तू सांगशील तेव्हा मी ऐकेन. मग ती म्हणाली, भरलेल्या बादल्या घेऊन तीन मजले चढ-उतर करायला लावली होती, थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. मी ते तिच्याच शब्दांत लिहिलं, तिच्या आईवडिलांना फोन करून बोलावलं आणि कागद कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडं दिला. संस्थेचे अध्यक्ष चिडले. "बाईंच्या काळात घरातली गोष्ट कधी बाहेर गेली नाही," म्हणाले. मी म्हणाले, "व्हय, नाही गेली. म्हणून तर तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसलेली मी आज या खुर्चीत बसलेय." त्यांना काही कळलं नाही.

त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला सहा महिने कॉलेज बंद झालं आणि वसतिगृह सोडावं लागलं. तिची आई वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट संपवून तशीच आली, अंगावर कंपनीचा निळा कोट. "मॅडम, पोरगी वाईट नाय ओ. संगतीनं झालं." मी म्हणाले, "वाईट नाही, मला माहीत आहे." ती बाई रडली, आणि मी तिला पाणी देण्यापलीकडं काही केलं नाही. तुम्ही मला वाचवलंत, म्हणून मी शिकले, नोकरीला लागले, आज ही चार अक्षरं लिहितेय. पण ती बारकी मुलगी गेली. दोघींना वाचवायचा रस्ता तुम्हाला सापडला नाही, मलाही सापडला नाही. मी फक्त पडलेल्या मुलीपासून सुरुवात केली. पायाला प्लॅस्टर असलेली मुलगी अजून इथं आहे. काल काठी टेकत मेसमध्ये आली आणि भात कच्चा आहे म्हणून तक्रार करून गेली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. दरवर्षी नव्या मुली आल्या की मी त्यांना पहिल्या बैठकीत गच्चीची हकिगत सांगते. कठडा, ओढणी, मोडलेला हात, सगळं. मुली ऐकतात, आणि नंतर एखादी हळूच येऊन माझा हात धरते. कारण मी सांगते त्या हकिगतीत पडलेली मुलगी मी असते.