चांदीच्या तोंडात हात

३ नोव्हें., सोम.
चांदी दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. लाळ गळतेय, घसा बसल्यासारखं हंबरतेय. घशात सुपारी अडकली असणार म्हटलं. बाळाराम वाडीतला गडी, सांगितलं की करणारा. त्याला म्हटलं, "घाल हात." त्यानं कोपरापर्यंत घातला. सुपारी सोलून बोटं चिरलेली. मी दावं धरून लांब. आत काहीच नाही!

तेव्हा आठवलं. दसऱ्याला तिच्या नाकाला कुत्रं चावलं होतं. मी बघितलं, हळद लावली आणि गप्प बसले. भाड्याच्या खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या, कळलं असतं तर दूध काय, खोल्याच सोडून गेले असते.

साबण लावून बा.चा हात नळाखाली धरला, पाव तास. रिक्षा करून तडक माणगाव. एक इंजेक्शन दंडात, शिवाय चिरांमध्ये सुया. कळवळला.

५ नोव्हें.
चांदी गेली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, लक्षणं रेबीजचीच. दूध उकळूनच दिलेलं, त्याला घाबरू नका. "पण वहिनी, तुम्हाला वेळेवर सुचलं कसं हो? माणूस वाचवलात." मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, काय हा विनय! मला मेलीला विनय कसला.

६ नोव्हें.
दुसरं इंजेक्शन. परतताना रिक्षात बा.: "कुत्रा कवा चावला असंल वो तिला?"
"काय माहीत," म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.
म्हसळ्याच्या पुढे आल्यावर म्हणाला, "चरायला मीच नेत व्हतो. माझीच नजर न्हाय राह्यली."
तरी मी गप्प. लिहितानाही लाज वाटतेय.

१० नोव्हें.
तिसरं. आज सांगणारच होते. बायको सोबत आली त्याची, माझ्या पाया पडली. राहिलं ते राहिलंच.

१७ नोव्हें.
चौथं झालं. ताप नाही. रोज पाण्याचा तांब्या हातात देते आणि पितो का बघत उभी राहते. त्याला वाटतं, वैनी किती करतात.

१ डिसें.
शेवटचं. आता काळजी नको म्हणाले. देवा!
घरी आल्यावर बा. ओटीवर बसेना. "वैनी, गाय माझ्यापायी गेली. कामावर ठेवाल ना?"
"ठेवीन हो." एवढ्यावर थांबावं की नाही? वर म्हटलं, "पण यापुढे लक्ष ठेव."
"व्हय," म्हणाला, हात जोडून.
मागे वाडीत झावळ्या ओढतोय अजून. हाक मारली तर येईल.